बियाणे, पुस्तक आणि गाणे : मालकी कोणाची?

(जालना येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



जालना जिल्ह्याचे नाव महाराष्ट्राबाहेर पोहोचले ते लोखंडी सळयांमुळे आणि बियाण्यांमुळे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको कंपनीची स्थापना केली आणि संकरित बियाण्यांच्या व्यवसायात जालन्याने देशात स्थान मिळविले. त्यामुळे या जिल्ह्यातील शेतकऱ्याला एक भेद कोणी शिकवावा लागत नाही. सोयाबीनचे सरळ वाण एकदा आणले, तर त्यातले चांगले दाणे राखून, त्यांची उगवणशक्ती तपासून पुढील दोनतीन हंगाम घरचे बियाणे पेरता येते. शेजाऱ्याला चार पायली देता येते. संकरित कपाशीचे मात्र तसे नाही. घरची सरकी पेरली तर पहिल्या वर्षीचा जोम तिच्यात उतरत नाही, म्हणून दर हंगामाला दुकानाची पायरी चढावीच लागते. एक बियाणे शेतकऱ्याच्या घरात राहते, दुसरे दरवर्षी विकत घ्यावे लागते.

या व्याख्यानाचा विषय शेती नाही. विषय आहे तो मोबाइल फोनवर मिळणारी पुस्तके, गाणी आणि चित्रपट यांचा. परंतु वरील भेद ध्यानात ठेवला, तर या अपरिचित वाटणाऱ्या विषयाचे अर्धे मर्म हाती येते.

दोन बाजारपेठा, दोन रीती

आज देशातील बहुतेक मोबाइल फोन दोनच व्यवस्थांवर चालतात. एक गूगलची अँड्रॉइड, दुसरी ॲपलची, जी फक्त त्याच कंपनीच्या आयफोनवर चालते. प्रत्येक व्यवस्थेला स्वतःचे दुकान आहे. ॲपलने २००३ साली अमेरिकेत आयट्यून्स स्टोअर उघडले; भारतात ते डिसेंबर २०१२ मध्ये आले. गूगलने येथे प्ले स्टोअरमधून पुस्तके, चित्रपट आणि २०१६ पासून गाणीही विकली. तिसरी मोठी कंपनी ॲमेझॉन. तिचे किंडलचे दुकान भारतात ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यात मराठी पुस्तकांचा विभाग आला. पुण्याच्या बुकगंगानेही मराठी ई-पुस्तके स्वतःच्या ॲपमधून वाचकांपर्यंत नेली.

विक्रीच्या रीती दोन आहेत. पहिली दुकानाची : एका गाण्याचे वा पुस्तकाचे पैसे एकदा द्यावयाचे आणि ते 'विकत' घ्यावयाचे. दुसरी भाड्याची, जिला स्ट्रीमिंग म्हणतात : महिन्याला ठरावीक रक्कम द्यावयाची आणि कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तेथे ठेवलेली लक्षावधी गाणी इंटरनेटवरून ऐकावयाची. गाना, सावन, विंक, ॲपल म्युझिक, स्पॉटिफाय, यूट्यूब म्युझिक ही त्यातली परिचित नावे. पहिल्या रीतीची जागा दुसरीने झपाट्याने घेतली. गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास थोडक्यात एवढाच आहे.

वरवर पाहता यात ग्राहकाचा लाभच दिसतो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. एका कॅसेटच्या किमतीत महिनाभर वाटेल ते ऐकावयास मिळते. मंठ्याच्या तरुणाला बिस्मिल्ला खाँची शहनाई आणि आफ्रिकेतले लोकसंगीत एकाच वेळी मिळावे, ही गोष्ट पूर्वी अशक्य कोटीतली होती. प्रश्न स्वस्त-महाग असा नाहीच. पैसे दिल्यानंतर हातात काय उरते, हा खरा प्रश्न आहे.

कॅसेटने काय दिले होते

१९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट बाजारात आणली आणि थोड्याच काळात तिचा नमुना इतर कारखान्यांना विनामूल्य वापरू दिला. परिणाम असा झाला की जपानी, भारतीय वा कोणत्याही यंत्रात कोणाचीही कॅसेट वाजू लागली. १९८० च्या दशकात ही यंत्रे स्वस्त झाली, तेव्हा ज्यांना मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी दारात उभे केले नव्हते, अशा शाहिरांचे, भजनी मंडळांचे, भीमगीते गाणाऱ्यांचे आवाज खेड्यापाड्यांत पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज जत्रेतल्या दुकानापासून एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत सर्वत्र ऐकू येई. यंत्र बदलले तरी कॅसेट वाया जात नव्हती. ती उसनी देता येत होती, बहिणीला सासरी पाठविता येत होती.

फोनवरच्या दुकानांनी नेमकी हीच गोष्ट उलटी केली. ॲपलच्या दुकानातले गाणे आरंभीची सहा वर्षे डिजिटल कुलूप घालून विकले जात असे. ते अन्य कंपनीच्या यंत्रात वाजत नसे. २००९ साली गाण्यांवरची कुलपे काढण्यात आली, परंतु चित्रपट आणि बहुतेक पुस्तके यांवर ती कायम राहिली. गूगलच्या दुकानातून घेतलेला चित्रपट ॲपलच्या संग्रहात जात नाही. किंडलमधले कुलूपबंद पुस्तक किंडलच्या व्यवस्थेबाहेर उघडत नाही. किंडलची पुस्तके संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जी सोय होती, तीही ॲमेझॉनने २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. आयफोन सोडून अँड्रॉइड घेणारा माणूस फोन बदलतो, तेव्हा अर्धा ग्रंथसंग्रह मागे सोडून येतो. स्पर्धा आहे असे सांगितले जाते. पण ती ग्राहकाला खेचून आणण्यापुरती आहे. तो बाहेर पडू लागला की दार अरुंद होते.

दुकान बंद होते तेव्हा

फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लाइट नावाचे गाण्यांचे दुकान काढले आणि जून २०१३ मध्ये ते गुंडाळले. तेथली गाणी विनाकुलूप होती. ग्राहकांना ती उतरवून घेण्यास मुदत मिळाली आणि ज्यांनी ती उतरवली, त्यांच्याकडे ती आजही वाजू शकतात. दुकान मेले, माल जगला. याच कंपनीने ई-पुस्तकांचा विभाग डिसेंबर २०१५ मध्ये बंद केला, तेव्हा ग्राहकांना त्यांच्या पुस्तकांसह कोबो या परदेशी कंपनीच्या हवाली करण्यात आले. गूगलचे प्ले म्युझिक डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले आणि ज्यांनी मुदतीत आपला संग्रह हलविला नाही, त्यांचा तो फेब्रुवारी २०२१ नंतर पुसला गेला.

मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये पुस्तकांचे दुकान बंद केले आणि जुलैपासून आधी विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले, समासात टिपणे करणाऱ्यांना पंचवीस डॉलर अधिक दिले. याआधी जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतील ग्राहकांच्या यंत्रांतून दोन पुस्तके दुरूनच काढून घेतली होती, कारण ज्याने ती विकावयास ठेवली त्याच्याकडे हक्क नव्हते. ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' होती. पैसे परत मिळाले, कंपनीच्या प्रमुखाने क्षमाही मागितली. तथापि सिद्ध व्हावयाचे ते सिद्ध झाले : वाचकाच्या उशाशी असलेले पुस्तक विक्रेता त्याला न विचारता नेऊ शकतो.

मराठवाड्याला या गोष्टीचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही. निजामाच्या राजवटीत गश्ती क्रमांक ५३ ने सभासंमेलनांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले, मराठी शिक्षणाची उपेक्षा झाली, आणि त्या काळात वाचनालये हीच जागृतीची केंद्रे बनली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ पासूनचे. त्या दिवसांत एखादे पुस्तक जप्त करावयाचे तर शिपाई दारात यावा लागे. चार माणसांना ते दिसे आणि पुस्तकाची दुसरी प्रत दुसऱ्या गावी शिल्लक राही. आता शिपाई येत नाही. एका आज्ञेने सगळ्या प्रती एकाच क्षणी जाऊ शकतात आणि पाहणारा कोणी नसतो.

भाड्याच्या रीतीत तर 'माझे' म्हणण्याजोगे काही नसतेच. गाना ॲपने सप्टेंबर २०२२ मध्ये फुकट ऐकण्याची सोय काढून घेतली. रेसो जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेले. एअरटेलने २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद करण्याचे ठरविले आणि आपल्या ग्राहकांसाठी ॲपल म्युझिकशी करार केला. म्हणजे कालचे प्रतिस्पर्धी आज भागीदार झाले आणि ग्राहकाने वर्षानुवर्षे जुळवलेल्या गाण्यांच्या याद्या त्या सौद्यात जिन्नस झाल्या. फोनमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणीही खरी आपली नसतात. स्पॉटिफायवर तीस दिवसांतून एकदा तरी इंटरनेटशी जोडणी करावी लागते, नाहीतर ती वाजत नाहीत. वर्गणी थांबली की ॲपल म्युझिकमधून उतरवलेली गाणी बंद होतात.

आणि माणूस गेला की काय होते? ॲपलने डिसेंबर २०२१ मध्ये मृत व्यक्तीच्या खात्यातील छायाचित्रे, पत्रे वगैरे वारसाला मिळण्याची सोय केली, पण विकत घेतलेली गाणी, चित्रपट आणि पुस्तके त्यातून वगळली. आजोबांची ज्ञानेश्वरी नातवाकडे येते. आजोबांची ई-पुस्तके त्यांच्याबरोबर जातात.

खेड्यातून पाहता

२०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार. दर पाचांतील चार माणसे खेड्यात राहणारी. साक्षरता सत्तर टक्क्यांच्या थोडी पुढे, तर राज्याची ब्याऐंशी. अशा जिल्ह्यात सप्टेंबर २०१६ नंतर जिओच्या स्वस्त डेटामुळे फोन हेच वाचनालय, चित्रगृह आणि रेडिओ झाला. तेव्हा येथील हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

पाच मिनिटांचे एक गाणे साधारण दर्जाच्या ध्वनीत सुमारे पाच एमबीचे असते. ते एकदा उतरवून ठेवले की शंभर वेळा फुकट वाजते. तेच शंभर वेळा इंटरनेटवरून ऐकले तर जवळजवळ पाचशे एमबी डेटा लागतो. रेंज गेली, रिचार्ज संपला की गाणे संपते. म्हणूनच तालुक्याच्या बाजारात मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने चालली. कायद्याच्या दृष्टीने तो व्यवहार समर्थनीय नाही. गाणाऱ्याला त्यातून एक पैसाही मिळत नाही. परंतु त्यामागची गरज खरी होती : जे घेतले ते खिशात राहावे, रेंज असो वा नसो.

गाणाऱ्याच्या बाजूनेही भाड्याची रीत तपासली पाहिजे. बहुतेक कंपन्या सर्व वर्गणीदारांचे पैसे एका राशीत घालतात आणि एकूण ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा हिस्सा त्याच्या हक्कधारकाला देतात. परिणामी जांबसमर्थचा एखादा वर्गणीदार महिनाभर केवळ भजने ऐकत असला, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग त्याने कधी न ऐकलेल्या लोकप्रिय सिनेगीतांच्या कंपन्यांकडे जातो. कॅसेटच्या पैशातला वाटा, थोडा का होईना, ज्याची कॅसेट त्याला मिळे. येथे लहान गायकाचा श्रोताही मोठ्यांच्या गल्ल्यात भर घालतो.

यावर आणखी एक मजला आहे. ॲपमधून होणाऱ्या विक्रीवर ॲपल आणि गूगल यांनी तीस टक्क्यांपर्यंत कमिशन लावले. लहान विक्रेत्यांसाठी आणि वर्गण्यांसाठी ते पुढे पंधरावर आणले. या कमिशनपायीच आयफोनवरील किंडल ॲपमध्ये अनेक वर्षे पुस्तक विकत घेण्याची सोय ठेवली गेली नव्हती. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शुल्काच्या वादात काही भारतीय कंपन्यांची ॲप दुकानातून काढून टाकली. त्यांत श्राव्य पुस्तके देणारे कुकू एफएमही होते. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. बाजाराची जागा ज्याच्या मालकीची, त्याच्या मर्जीवर दुकानदार उभा. आणि जागेचा मालकही त्याच मालाचा व्यापारी. आडत्या आणि खरेदीदार एकच झाला की मोंढ्यात काय होते, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे.

बियाण्याच्या लढ्याने दिलेला धडा

येथे पुन्हा बियाण्यांकडे वळणे आवश्यक आहे, कारण त्या क्षेत्रात भारताने दोन गोष्टी करून दाखविल्या आहेत.

पहिली हक्काची. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने वाण शोधणाऱ्याला हक्क दिला, पण त्याच कायद्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्यालाही आपले उत्पादन, त्यातल्या बियाण्यासह, राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे छाप मारून विकता येणार नाही, एवढीच मर्यादा घातली. २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर दावे लावले, तेव्हा याच कलमाच्या आधारे देशभर आवाज उठला आणि कंपनीला दावे मागे घ्यावे लागले.

दुसरी किमतीची. बीटी कपाशीला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि तंत्रज्ञानाच्या शुल्कामुळे पाकिटाची किंमत चढली. २००६ साली आंध्र प्रदेशाने ती ७५० रुपयांवर आणली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचा कायदा केला. केंद्राने २०१५ मध्ये नियंत्रण आदेश काढला. २०१६ मध्ये बीटीच्या दुसऱ्या पिढीच्या पाकिटामागचे तंत्रज्ञान शुल्क ४९ रुपये आणि २०२० मध्ये शून्य झाले. कंपन्यांनी न्यायालये गाठली, संशोधन थांबेल असा इशारा दिला. त्या वादाच्या तपशिलात मतभेद असू शकतात. पण जीवनावश्यक वस्तूच्या मक्तेदारीवर लोकनियुक्त सरकार बंधन घालू शकते, हे तत्त्व प्रस्थापित झाले.

पुस्तक आणि गाणे यांच्या बाबतीत वाचकाला असा हक्क आहे काय? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घातले गेले. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडणे हा गुन्हा ठरला. मात्र कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते उघडणे गुन्हा नाही, असेही म्हटले. म्हणजे कायद्याने दार लावून टाकले नाही, पण वाचकाच्या हाती किल्ली देण्याचे बंधन कंपनीवर घातले नाही. संकरित कपाशीच्या बाबतीत निसर्गाचा नियम आड येतो. येथे निसर्ग आड येत नाही. उलट डिजिटल प्रत राखणे आणि देणे हे जगातले सर्वांत सोपे काम आहे. ते अवघड केले आहे ते माणसांनी, करारपत्राच्या बारीक अक्षरांत. जे माणसांनी केले, ते माणसांना बदलता येते.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला दोन आदेशांत अनुक्रमे १,३३७.७६ कोटी आणि ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात त्यांतले काही टिकले, काही गळले. परंतु हा झगडा दुकानदार आणि जागामालक यांच्यातला आहे. वाचकाचा कैवार त्यात कोणी घेतलेला नाही.

मागणी काय असावी

पहिली मागणी सत्याची. जेथे केवळ वापरण्याचा परवाना दिला जातो, तेथे 'विकत घ्या' असे लिहिण्यास बंदी असावी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने असा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. विक्रेत्याला हा परवाना आहे हे स्पष्ट सांगावे लागते. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या चौकटीत असा नियम सहज बसेल.

दुसरी मागणी हक्काची. पूर्ण किंमत देऊन घेतलेले पुस्तक वा गाणे एका व्यवस्थेतून दुसरीत नेण्याचा, दुकान बंद झाल्यास विनाकुलूप प्रत मिळण्याचा, आणि वारसाला ते देण्याचा हक्क कायद्यात यावा. बियाण्याच्या कायद्यात जशी छापाची मर्यादा आहे, तशी येथेही प्रती काढून विकण्यास मनाई राहावी. लेखक आणि गायक यांचा मोबदला बुडविणे हा समाजवादी विचार नव्हे. श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. कुलूप काढले तर चोरी माजेल, ही भीती खोटी नाही, पण ती अवाजवी आहे. २००९ नंतर गाण्यांचा व्यापार विनाकुलूप चालला आणि बुडाला नाही.

तिसरी मागणी ग्रंथालयांची. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यात अकरा हजारांहून अधिक अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. विकत घेतलेली एक छापील प्रत ग्रंथालय शेकडो वाचकांना देऊ शकते आणि त्यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तकाच्या बाबतीत हा अधिकार व्यक्तिगत परवान्याच्या अटीत विरून जातो. ड वर्गाच्या गावठाणातल्या ग्रंथालयालाही ई-पुस्तक विकत घेऊन एका वेळी एका वाचकाला देता आले पाहिजे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. मराठी विश्वकोश, साहित्य संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके लोकांच्या पैशातून तयार झाली आणि ती इंटरनेटवर मोफत आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. हे सारे भोकरदन-जाफराबादपासून घनसावंगी-परतूरपर्यंतच्या ग्रंथालयांत एका साध्या संगणकावर ठेवून, ज्याला हवे त्याच्या फोनमध्ये विनाकुलूप भरून देता येईल. ज्या पुस्तकांचे हक्क राखीव आहेत त्यांसाठी परवानगी घेतली, तर त्यात कायद्याचा भंग नाही आणि डेटाचा खर्चही नाही. गावोगावच्या शाहिरांची, ओव्या गाणाऱ्या वृद्ध स्त्रियांची गाणी त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून, त्यांच्या नावानिशी याच भांडारात जमा करता येतील. मेमरी कार्ड भरून घेण्यासाठी जो तरुण बाजारात जात होता, तो ग्रंथालयाच्या पायऱ्या चढेल.

शेतकऱ्याने बियाण्याचा हक्क मागितला, तेव्हा त्याला प्रगतीचा शत्रू ठरविण्यात आले होते. त्याने नव्या वाणाला विरोध केला नव्हता. पेरलेल्यातले मूठभर राखून ठेवण्याचा जुना अधिकार नव्या वाणालाही लागू असावा, एवढेच तो म्हणत होता. वाचकाची मागणी याहून वेगळी नाही.